दुधाकडे बघ

दत्ताच्या नव्या फ्लॅटमध्ये पहिली शिरली ती जुनी शेगडी. माणसं तिच्या मागून.

हा आईचा, म्हणजे द्वारकाबाईंचा हुकूम. "जुन्या घरचा विस्तव नव्या घरात आधी जातो. आमच्या सासूबाईंनी चुलीतला निखारा गोवरीवर धरून नेला होता. तुमच्याकडं निखारा न्हाई, तर शेगडी न्या," असं त्यांनी कळंबहून निघायच्या आधीच फोनवर बजावलं होतं. म्हणून मग रविवारी सकाळी बिबवेवाडीत, पिठाच्या गिरणीवरच्या, तिघा भावंडांच्या जुन्या दोन खोल्यांमधून शेगडी सोडवली गेली आणि वारज्यातल्या सातव्या मजल्यापर्यंत रुपालीनं ती पोटाशी धरून आणली. लिफ्टच्या आरशात तिला स्वतःचं ध्यान दिसलं. अंगावर ठेवणीतली जांभळी साडी आणि पदराला शेगडीच्या बुडाची काजळी. शेजारी दत्तप्रसाद सिलिंडर सांभाळत होता आणि श्रद्धा फक्त स्वतःचा मोबाइल.

"ताई, अगं नवीन शेगडी घेतलीये मी. चार बर्नरची. काडीसुद्धा लागत नाही," दत्ता पुन्हा म्हणाला.

"तिला गॅस जोडला का?"

"पाइपलाइनवाले पुढच्या आठवड्यात येणारेत."

"मग पुढच्या आठवड्यात तिचं कौतुक करू. दार उघड."

रुपाली एरवी इतकं तोडून बोलत नसे. पण आज सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. पर्समधला फोन मधूनमधून थरथरत होता आणि तो न बघताही कुणाचा आहे हे तिला ठाऊक होतं. हॉस्पिटलातल्या वल्लरी मॅडमनी शुक्रवारी स्वच्छ सांगितलं होतं, रविवार संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळव, मी सोमवारी दुसरीला विचारीन.

दारात दत्तानं नव्या पाटीवरचा कागद सोडला. पितळी पाटी, आणि तिच्यावर एकाखाली एक पाच नावं. उत्तरेश्वर, द्वारका, रुपाली, दत्तप्रसाद, श्रद्धा.

"ही पाटी आहे की रेशनकार्ड?" श्रद्धानं विचारलं.

दत्ता हसला, पण त्याचे कान लाल झाले. कंपनीत चाळीस माणसांच्या टीमपुढे बोलणारा हा पोरगा घरात थोरल्या बहिणीच्या चेहऱ्याकडे बघितल्याशिवाय स्वतःच्या पाटीलाही चांगलं म्हणायचा नाही. रुपाली म्हणाली, "छान आहे रे." आणि तिसऱ्या ओळीतल्या स्वतःच्या नावावरून नजर काढली.

वडिलांनी, उत्तरेश्वरअण्णांनी, चपला काढल्या आणि लगेच घराचा ताबा घेतला. उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. कुठेही गेला तरी आधी सीटा बघणार. त्यांनी हॉलमधून एक फेरी मारली, तिन्ही खोल्यांत डोकावून आले आणि वाटप जाहीर केलं.

"ती मागची आमची. आलो-गेलो तर. मधली दत्ताची. अन् ही दाराजवळची रूपाची."

"दाराजवळची का?" श्रद्धा म्हणाली.

"कंडक्टरची सीट दाराजवळच असती. कोण चढलं, कोण उतरलं, कुणाचं काय मागं राहिलं, समदं दिसतं. ह्या गाडीची कंडक्टर तीच हाय की."

"आणि मी? टपावर बसू?"

"तू ताईपाशी. हाफ तिकिटाला वेगळी सीट नसती."

सगळे हसले. द्वारकाबाईसुद्धा हसल्या. अण्णांनी बाल्कनीच्या लोखंडी ग्रिलवर बोटातली अंगठी दोनदा आपटली. टण टण. "चला, डबल बेल. दूध ठेवा." त्या घरातला कारभार पहिल्यापासून असाच चालत आलेला. एकदा टण म्हणजे थांबा, दोनदा टण म्हणजे सुटा. शाळेला उशीर होत असला की ताटलीवर टण टण, आणि पोरांचं भांडण जुंपलं की एकच टण, की सगळे जागच्या जागी गप्प. अण्णांनी आयुष्यात पोरांवर हात उगारला नाही, त्याचं सगळं श्रेय त्या अंगठीला.

"आधी ताईला तिची खोली दाखवतो," दत्ता म्हणाला आणि तिला हाताला धरून आत घेऊन गेला.

खोलीची एक भिंत मोरपंखी होती. दोनेक महिन्यांपूर्वी त्यानं फोन करून विचारलं होतं, ताई, एखाद्या भिंतीला कुठला रंग बरा दिसेल? ती तेव्हा हॉस्पिटलात ड्यूटीवर, डायलिसिसच्या मशीनपाशी उभी होती. एका म्हाताऱ्या पेशंटचा रक्तदाब बघत होती. मोरपंखी दे नाहीतर काहीही दे, असं म्हणून तिनं फोन ठेवला होता. ते 'काहीही' त्यानं ऐकलंच नव्हतं.

"आणि हे बघ." दत्तानं दार लोटलं आणि आतली कडी सरकवली. पुन्हा काढली, पुन्हा सरकवली. "आतून कडी. तू एकदा म्हणाली होतीस बघ, आपल्याला आतून कडी लावता येईल अशी एक जागा असावी."

ती म्हणाली होती खरी. गिरणीवरच्या खोल्यांना मध्ये दार नव्हतं, नुसता पडदा होता. दत्ताचा अभ्यास, श्रद्धाचा ताप-खोकला, अण्णांचे फोन, सगळं त्या पडद्यातून आरपार यायचं. खालून गिरणी सुरू झाली की फरशी हलायची आणि खिडकीच्या कट्ट्यावर पिठाचा थर बसायचा. तिथं तिनं दोघांना वाढवलं होतं. आधी दत्ताला बारावीनंतर बोलावून घेतलं, मग श्रद्धाला. दोघांच्याही कॉलेजात पालक म्हणून सही तिचीच. डबेही तिचेच. ते सगळं ती विसरून गेली होती, आणि हा वेडा एक कडी लक्षात ठेवून बसला होता.

"आवडली नाही का?" दत्तानं विचारलं.

"आवडली. खूप आवडली."

"मग तोंड असं का?"

"शेगडी जड होती," ती म्हणाली.

तो बाहेर गेला आणि श्रद्धा आत आली. तिनं ती नवी कडी सरकवली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"ताई, सरळ विचारते. चिपळूण काय आहे?"

रुपालीला क्षणभर ऐकलंच नाही असं दाखवावंसं वाटलं. "कसलं चिपळूण?"

"मागच्या गुरुवारी तू म्हणालीस डबल ड्यूटी आहे. आलीस ती पिशवीभर आमसुलं घेऊन, पिशवीवर चिपळूणच्या दुकानाचं नाव. म्हणे हॉस्पिटलमधल्या बाईंनी दिली. बिबवेवाडीच्या झाडांना आमसुलं कधीपासून लागायला लागली? मांजर डोळे मिटून दूध पितं, ताई, पण आम्हाला डोळे आहेत."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. रुपालीनं सांगून टाकलं. वल्लरी मॅडम चिपळूणला डायलिसिस सेंटर सुरू करताहेत. तिथल्या पेशंटांना आठवड्यातून दोनदा-तीनदा घाटापलीकडे जावं लागतं. सेंटर उभं करायचं, माणसं शिकवायची, चालवायचं, हे सगळं तिनं बघावं असं त्यांना वाटतंय. गुरुवारी ती जागा बघून आली. सेंटरच्या मागे एक भाड्याची खोलीही बघितली.

"खोलीसुद्धा?"

"हो." आणि मग जे कुणालाच सांगायचं नव्हतं तेही तिच्या तोंडून निघून गेलं. "श्रद्धे, त्या खोलीच्या खिडकीत फणसाचं झाड आहे. मी तिथं उगाच उभी राहिले, कितीतरी वेळ. कुणाचा फोन नाही, कुणाला भूक नाही. मला इतका आनंद झाला ना, की माझी मलाच लाज वाटली."

श्रद्धानं ताईला मिठी मारायला हवी होती. रुपालीची तरी तशी अपेक्षा होती. पण श्रद्धानं ओठ चावला आणि म्हणाली, "आज नको सांगूस."

"का?"

"कारण आज मी सांगणारे. मैत्री, आमच्या नाटकातली, तिनं आणि मी कर्वेनगरला फ्लॅट बघितलाय. नाटकाच्या तालमी रात्रीपर्यंत चालतात, लाइट्सचं सामान कुठे ठेवायचं हा रोजचा प्रश्न असतो. मला इथे दाराजवळच्या सीटवर हाफ तिकीट म्हणून नाही राहायचं. आईला तयार करणं म्हणजे काय ते तुला माहितीये. त्यात तू आधी म्हणालीस की मी चालले, तर माझं बोंबललं. घरात एक तरी मुलगी पाहिजेच ना त्यांना! तू गेलीस की माझा नंबर."

"म्हणजे मी जाऊच नको?"

"जा ना. पण माझ्यानंतर जा. एक महिन्यानं सांग, दोन महिन्यांनी सांग."

"मला आज संध्याकाळी उत्तर द्यायचंय."

"मॅडमना दे की. घरी कशाला?" श्रद्धाचे डोळे भरले होते, आणि डोळे भरले की ती जास्तच टोचून बोलायची. "ताई, तू एवढी वर्षं थांबलीस. तुला सवय आहे. मला नाहीये."

हे वाक्य रुपालीला लागलं. पण लागलं तरी ती काय म्हणाली? "बरं. तू सांग आधी." थोरल्या बहिणीच्या जिभेला ही एक वाईट खोड असते. मनात 'नाही' असलं तरी ओठावर 'बरं'च येतं.

स्वयंपाकघरात द्वारकाबाईंनी ओट्यावर शेगडी मांडली होती, तिच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली होती. तिला हळदीकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, नव्या पितळी पातेल्यात काठाला दोन बोटं कमी इतकं दूध ओतलं. वास्तुशांत पुढं सावकाश करायची होती. आज नुसतं दूध उतू घालायचं, म्हणजे घरात काही कमी पडत नाही.

"रूपा, पेटव बाई. तुझ्याच हाताला ऐकती ती."

खरंच होतं ते. त्या शेगडीचं डावं बटण कित्येक वर्षांपूर्वी ढिलं झालं होतं. पेटवताना कुठलंही बटण दाबावं लागतंच, पण हे बंद करतानाही नुसतं फिरवलं की गोल गोल फिरत राहायचं. आधी दाबायचं आणि दाबून धरूनच फिरवायचं, ही खुबी तिघांत फक्त रुपालीच्या बोटांना माहीत. दत्ताला चहा प्यायचा असला की तो हाक मारायचा. रुपालीनं बटण दाबलं, फिरवलं, काडी लावली. निळी ज्योत आली.

"दुधाकडं बघ," द्वारकाबाई म्हणाल्या.

बाईंनी हे सहज म्हटलं. पण हे दोन शब्द रुपालीनं आयुष्यात स्वतःच्या नावापेक्षाही जास्त वेळा ऐकले असतील. कळंबच्या घरी आई अंगणवाडीला जाताना, अण्णा पहिल्या गाडीला निघताना, उंबऱ्यातून हेच यायचं. दुधाकडं बघ. दूध उतू गेलं तर त्या दिवशी धाकट्यांना कोरा चहा. मग ती फ्रॉकमधली पोर हात गुडघ्यांना बांधून चुलीपुढं बसायची, आणि दूध वर यायला लागलं की झडप घालायची. पुढं तोच तिचा धंदा झाला. डायलिसिसच्या खोलीत चार-चार तास मशीनकडे बघत बसायचं आणि गजर व्हायच्या आत हात घालायचा. डॉक्टर म्हणायचे, रुपालीच्या मशीनला कधी बोंबलायची वेळच येत नाही.

ती दुधाकडे बघत उभी राहिली. बाकीचे ओट्याभोवती जमले. अण्णा समोर, हॉलपलीकडच्या बाल्कनीच्या दारात टेकून उभे होते.

"आई," श्रद्धा म्हणाली, "मला एक सांगायचंय. चिडायचं नाही."

"चिडण्यासारखं असंल तर चिडंन. सांग."

श्रद्धानं सांगितलं. छान सांगितलं, नाटकवालीच ती. मैत्रीचं घराणं, मैत्रीच्या वडिलांची नोकरी, इमारतीचा वॉचमन, खालची मेस, सगळं ओळीनं मांडलं. द्वारकाबाईंच्या कपाळावर आधी आठी चढली, मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं ग्रिलकडे. दत्ताचा चेहरा पडला. "म्हणजे तू इथे राहणारच नाहीस?" तो म्हणाला. "अगं, मी तुझ्या टेबलाचं माप दिलंय सुताराला."

"ते टेबल मी कर्वेनगरला नेईन की."

द्वारकाबाईंनी ओट्यावर सांडलेल्या अक्षता एकेक करून वेचल्या. रुपाली दुधाकडे बघत होती. कडेला बारीक बुडबुडे धरायला लागले होते.

"ताईला इचारलंस का?" आई म्हणाली.

"ताईला माहितीये."

"मग जा." द्वारकाबाईंनी सुस्कारा टाकला. "जा बाई. रूपा हाय ना घरात. ती हाय म्हणून मला कुणाचाच घोर न्हाई बघ. दत्ताचं बघंल, तुझ्यावर नजर ठिवंल, आमचं दुखलं-खुपलं बघंल. दत्ताची बायको आली की तिला हाताखाली घेऊन शिकवंल. एक पोरगी घरात घट्ट असली की बाकीच्यांनी खुशाल उडावं."

श्रद्धानं ताईकडे बघितलंच नाही. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

आणि नेमकं तेव्हा दूध चढलं. मधोमध साय फुगली, पातेल्याच्या काठापर्यंत आली, काठाला लागून थरथरली. "आलं आलं," दत्ता ओरडला. द्वारकाबाईंनी हात जोडले. आता उतू जाणार, आणि रुपालीच्या हातानं झडप घातली. दाबलं, फिरवलं. खट्.

दूध जसं आलं तसं खाली बसलं. एक थेंब सांडला नाही.

कुणाला काय झालं ते कळेना. रुपालीलाही नाही. तिचा हात अजून बटणावर होता.

"अगं, बंद काय केलंस?" द्वारकाबाईंचा आवाज चिरकला. "उतू घालायचं होतं ना! आज उतू जायचं होतं!"

"सवय," रुपाली म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. तोंडावर पदर धरून ती हसत सुटली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते तिलाही समजलं नाही. "आई, सवय गं. मला दूध उतू घालता येत नाही. मला नाही जमत ते."

"अपशकून झाला," द्वारकाबाई पुटपुटल्या. "पहिलंच दूध..."

"पुन्हा पेटव ना ताई, त्यात काय," दत्ता घाईनं म्हणाला. "कुणी बघितलंय?"

रुपालीनं डोळे पुसले. बटणावरचा हात काढला. काढलेला तो हात कुठे ठेवावा तेच तिला कळेना, शेवटी तिनं तो पाठीमागे धरला. श्रद्धाकडे बघितलं. श्रद्धा मान हलवत होती, नको, नको, आज नको. त्या पोरीची तिला फार दया आली. पण आता गप्प राहिले तर ही कडी, ही भिंत, हे पातेलं, सगळं माझ्यावर कायमचं चढेल, हे तिला लख्ख कळत होतं.

"मी चिपळूणला चाललेय," ती म्हणाली. "कामाला. तिथंच राहायला."

मग जे व्हायचं ते झालं. द्वारकाबाईंना आधी वाटलं दोन दिवसांचं ट्रेनिंग आहे. तसं नाही हे कळल्यावर त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या. एकटी बाई, परका मुलूख, लोक काय म्हणतील, तिथं पाऊस किती असतो, आणि दोन स्थळं बघायची होती त्यांचं काय, असं सगळं एका दमात आलं. शेवटी त्यांनी हातातला हुकमी पत्ता टाकला. "उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको, असं श्रावणातल्या कहाण्या सांगताना मी तुम्हाला शिकवलं ना? ह्या दोघांचा वसा कुणी घेतला होता?"

"मी घेतला नव्हता, आई," रुपाली म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "तू दिला होतास. मी नाही म्हणाले नाही, एवढंच."

द्वारकाबाईंनी फडकं उचललं आणि कोरडाच ओटा पुसायला घेतला.

"आणि मग हे घर मी कुणासाठी घेतलं?" हे दत्ता म्हणाला. तो इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. "ती भिंत कुणासाठी रंगवली? मला मोरपंखी आवडत नाही, ताई. मला वाटलं तू एकदाची तुझ्या खोलीत दार लावून बसशील आणि मी बाहेर चहा करीन तुझ्यासाठी."

"तुला चहा येत नाही," श्रद्धा म्हणाली. अगदी हळू.

"शिकलो असतो!" दत्ता भिंतीपासून पुढे आला. "मला एकट्याला राहता येत नाही. हसा हवं तर. मी कधी एकटा झोपलोच नाही. एकदा इथे सामान लावायला येऊन राहिलो, तर एवढी शांतता की झोप लागेना. गिरणी नाही, तुझी भांडी नाहीत. मी लाइट लावून बसलो होतो सकाळपर्यंत."

रुपालीला वाटलं, जावं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा, म्हणावं, नाही जात रे, राहते. एवढंच म्हटलं की सगळं खाली बसलं असतं, मघाच्या दुधासारखं. शब्द ओठापर्यंत आलेही. ती तशीच उभी राहिली.

आणि मग श्रद्धा हलली. तिनं पर्समधून रुमाल काढून नाक शिंकरलं आणि आईसमोर जाऊन उभी राहिली. "आई, ऐक. ताईच्या नावावर मला परवानगी नकोय. ती जातेय आणि मीही जातेय. ती तिची, मी माझी. हवं तर दर रविवारी मी इथे येईन, दत्ताला आमटी शिकवीन. मलाही नीट येत नाही, दोघं मिळून बिघडवू. पण तिला धरून ठेवून मला सोडू नकोस. मला ते जड जाईल."

"तुम्ही दोघी मिळून ठरवून आलात," द्वारकाबाई म्हणाल्या.

"नाही गं. मघाशी तर आम्ही भांडत होतो."

"मग मी कुणाच्या भरवशावर..." बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. "अहो, बोला ना काहीतरी. एवढं रामायण चालू हाय, तुम्ही खांबासारखे उभे!"

अण्णा बाल्कनीच्या दारात तसेच उभे होते. अंगठीचं बोट दुसऱ्या हातानं चोळत होते. त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा असायचा, आणि तो कधी शब्द नसायचा. सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते रुपालीकडे बघत होते.

"आधी दूध उतू घाला," ते म्हणाले. "दूध असं अर्ध्यात सोडू नये."

द्वारकाबाईंनी सवयीनं म्हटलं, "रूपा, पेटव."

"दत्ता पेटवेल," रुपाली म्हणाली. "त्याचं घर आहे."

"मी?" दत्ता दचकला. "मला कळणार कसं कधी बंद करायचं ते?"

"बघ. कळतं."

ती स्वयंपाकघरातून निघाली, हॉल ओलांडला आणि अण्णांच्या शेजारून बाल्कनीत जाऊन उभी राहिली. मागे काडी ओढल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, मग ज्योतीचा भुसकन आवाज. खाली हायवेवरून गाड्या चालल्या होत्या, साताऱ्याकडे, मुंबईकडे, जिकडच्या तिकडे. पर्समध्ये फोन थरथरला. पाठीमागचं दूध तिला न बघता दिसत होतं. आता कडेला बुडबुडे, आता साय जमली, आता फुगतंय, आता. तिच्या उजव्या हाताची बोटं आपोआप वळली. तिनं ग्रिल पकडलं आणि घट्ट धरून ठेवलं.

चर्रर्र आवाज झाला. जळक्या दुधाचा वास हॉलमधून बाहेर आला.

"गेलं! उतू गेलं!" श्रद्धा ओरडली. "पूर्वेला गेलं! आई, पश्चिमेलाही गेलं! सगळीकडेच गेलं!"

"ताई!" हा दत्ता. "ताई, बंद होत नाहीये! बटण नुसतंच फिरतंय! ताई, ये ना!"

तिचे पाय वळले. खरंच वळले, अर्धं पाऊल पडलंही. दूध ज्योतीवर पडत होतं, ज्योत फडफडत होती. ती तिथंच थांबली.

"दाबून फिरव!" ती ओरडली. "आधी दाब. मग फिरव."

आत काडेपेटी खाली पडली.

खट्.

"झालं," दत्ता म्हणाला. मग पुन्हा, स्वतःशीच, नवल वाटल्यासारखं, "झालं बंद."

ओट्यावरून दूध फरशीवर ठिबकत होतं. द्वारकाबाई पदर खोचून बाहेर आल्या, हातात ओलं फडकं. त्यांनी लेकीकडे बघितलं नाही. फडकं ग्रिलवर वाळत घालता घालता खालच्या हायवेकडे बघत म्हणाल्या, "चिपळूणला दूध बरं मिळतं का गं? का पाणीच घालत्यात?"

रुपालीनं फडक्याचं दुसरं टोक धरून ग्रिलवर पसरलं. तिनं अण्णांकडे बघितलं. तिच्या जाण्याबद्दल अजून त्यांनी काहीच म्हटलं नव्हतं.

अण्णांनी अंगठीचं बोट ग्रिलवर टेकवलं. जरा वेळ तसंच धरलं.

टण.

आत दत्ता आणि श्रद्धा जागच्या जागी थांबले. आईचा हात फडक्यावरच राहिला.

अण्णांनी लेकीकडे बघितलं आणि दुसरी वाजवली.